निष्कलंक अंतर

इ. स. १९७३ च्या ईस्टरच्या सुटीत केनियाची राजधानी नैरोबी येथे एका मोटार शर्यतीचा हिशेब मांडला गेला. ही पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली होती. हजारो किलोमीटरचा मार्ग, रात्रंदिवसाचा प्रवास, धूळ, चिखल आणि असंख्य अडथळे पार करून जी थोडी वाहने परतली, त्यांच्या दंडगुणांची बेरीज करण्यात आली. सर्वांत कमी दंड ज्याचा, तो विजेता, असा साधा नियम होता. बेरीज पूर्ण झाली तेव्हा मात्र हिशेबनीसांपुढे पेच उभा राहिला. शेखर मेहता आणि स्वीडनचे हॅरी केलस्ट्रॉम या दोघांच्या नावापुढे एकच आकडा आला होता. दोघेही जपानच्या डॅटसन कंपनीच्या गाड्या चालवीत होते. एवढ्या दीर्घ प्रवासानंतर दोघांत एका गुणाचेही अंतर उरले नव्हते.

अशा प्रसंगासाठी नियमावलीत एक तरतूद होती. गुण समान असतील तर आरंभापासून अधिक लांबपर्यंत ज्याच्या खात्यावर एकही दंड पडला नाही, तो विजेता मानावा. दोन्ही वह्या पुन्हा पहिल्या पानापासून तपासण्यात आल्या. मेहतांच्या खात्यावरील पहिला डाग केलस्ट्रॉम यांच्यापेक्षा पुढे, अधिक अंतर गेल्यावर पडलेला होता. त्या निष्कलंक अंतराच्या बळावर शेखर मेहता विजयी घोषित झाले.

व्यापारी घराण्यांत वाढलेल्या वाचकाला या नियमाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. दोन पेढ्यांची वर्षअखेरची शिल्लक सारखीच असू शकते. परंतु बाजारात पत ठरते ती वहीच्या आतल्या पानांवरून. आणि या विजेत्याच्या आयुष्याची वही पाहू गेले, तर तिची मागची पाने अवघ्या काही महिन्यांपूर्वी एका हुकूमशहाने फाडून टाकली होती, हे ध्यानात येते. म्हणूनच ही कथा केवळ क्रीडेची राहत नाही.

दुकान ते 'दुका'

पूर्व आफ्रिका आणि पश्चिम भारत यांचा व्यापारसंबंध शतकानुशतकांचा आहे. मोसमी वाऱ्यांवर शिडे सोडून कच्छ-काठियावाडची गलबते झांझिबार व मोंबासा गाठीत. इंग्रजांनी १८९६ साली मोंबासाहून युगांडाकडे लोहमार्ग बांधावयास घेतला, तेव्हा हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यात आले. लोहमार्गाच्या मागोमाग व्यापारी गेले. जेथे स्थानक, तेथे पत्र्याचे छप्पर टाकून मीठ, साखर, कापड, रॉकेल आणि कंदील विकणारे एखादे दुकान उभे राहिले. स्वाहिली भाषेत आजही दुकानाला 'दुका' म्हणतात, ही त्या पिढीने तेथे रुजवलेल्या शब्दाची खूण आहे.

या स्थलांतरात जैनांचाही मोठा वाटा होता. जामनगर परिसरातील हालारी वीसा ओसवाल कुटुंबे विसाव्या शतकाच्या आरंभापासून केनियात जाऊ लागली. दुष्काळाने गांजलेले शेतकरी म्हणून निघालेली ही माणसे तेथे व्यापारी, कारखानदार आणि शिक्षणसंस्थांचे आधारस्तंभ झाली. मोंबासा येथील शिखरबंद जैन मंदिर त्यांच्या श्रद्धेची साक्ष देत उभे आहे.

शेखर मेहता हे जैन समाजाचे होते असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ज्या परदेशस्थ भारतीय व्यापारी जगात ओसवाल कुटुंबे वाढली, त्याच जगात त्यांचा जन्म झाला. दि. २० जून १९४५ रोजी युगांडात जन्मलेले चंद्रशेखर मेहता हे मळे व उद्योगधंदे असलेल्या संपन्न भारतीय कुटुंबातील. घराण्याची परंपरा पाहता त्यांनी पेढीवर बसावे, मळ्यांचा कारभार पाहावा, हे स्वाभाविक ठरले असते. विशीत असताना मात्र त्यांना मोटारींच्या रॅलीचा नाद लागला. १९६६ च्या सुमारास बीएमडब्ल्यू गाडीतून त्यांनी आरंभ केला आणि पाच वर्षांत ते सफारीच्या अग्रभागी पोहोचले. १९७१ च्या सफारीत एडगर हेरमान यांच्या पाठोपाठ त्यांनी डॅटसन २४०-झेड गाडीने दुसरा क्रमांक मिळविला. त्यावेळी त्यांचे वय पंचविशीचे होते. पुढचे वर्ष मात्र निराळेच लिहिलेले होते.

नव्वद दिवस

जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीन याने लष्करी उठाव करून युगांडाची सत्ता बळकावली. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने फर्मान काढले की, देशातील आशियाई लोकांनी नव्वद दिवसांच्या आत निघून जावे. नोव्हेंबरच्या ८ तारखेस मुदत संपणार होती. प्रथम अनेकांना हे खरे वाटले नाही. ज्या देशाचा व्यापार, साखर, कापूस, वाहतूक आणि पेढीव्यवहार यांचा मोठा भाग या समाजाच्या हातून चालत होता, तो देश त्यालाच हाकलून देईल कसा, असा तर्क केला गेला. तो तर्क चुकला. दुकाने, घरे, गिरण्या, बागा जेथल्या तेथे सोडून, मोजके सामान व अत्यल्प रोकड घेऊन, लोक विमानतळावर रांगा लावू लागले. सुमारे सत्तावीस हजार माणसे ब्रिटनमध्ये गेली. कित्येक कॅनडात, भारतात आणि अन्य देशांत विखुरली. वाटेतील तपासणी नाक्यांवर सैनिकांनी अंगावरील दागिनेही उतरवून घेतल्याच्या आठवणी त्या पिढीतील अनेकांनी सांगितल्या आहेत.

मेहता कुटुंबालाही देश सोडावा लागला. शेखर मेहता यांनी शेजारच्या केनियाचा आश्रय घेतला आणि पुढील सारी कारकीर्द त्या देशाच्या नावाने केली.

व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला संपत्ती जाण्याचे दुःख नवे नसते. मंदी येते, आग लागते, भागीदार फिरतो, माल बुडतो. परंतु या सर्व संकटांत एक गोष्ट टिकून असते. ती म्हणजे उभे राहण्यापुरती जमीन आणि ओळख देणारा बाजार. युगांडातील भारतीयांचे तेही गेले. ज्याच्याकडे उधारी मागावी तोही निर्वासित आणि ज्याने द्यावी तोही निर्वासित, अशी ती अवस्था होती. मग उरते काय? हातातील विद्या, मनाचा निग्रह आणि लोकांच्या मनातील नाव. या तीन गोष्टी कोणत्याही सरकारी फर्मानाने जप्त करता येत नाहीत. हद्दपारीची मुदत संपून सहा महिनेही झाले नव्हते, तोच शेखर मेहता याच भांडवलावर नैरोबीच्या आरंभरेषेवर उभे होते.

सफारीचे स्वरूप

ही शर्यत म्हणजे काय, हे कळल्याशिवाय त्या विजयाचे मोल कळणार नाही. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने केनिया, युगांडा व टांगानिका या तीन प्रदेशांतून ती प्रथम भरविण्यात आली. बंदिस्त वर्तुळाकार मार्गावर भरधाव फेऱ्या मारण्याची ही शर्यत नव्हे. रोजच्या वापराच्या उघड्या रस्त्यांवरून, चार-पाच दिवस, पाच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करावयाचा. ठिकठिकाणी नियंत्रण नाके. एका नाक्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची वेळ ठरवून दिलेली. जितकी मिनिटे उशीर, तितके दंडगुण. काही टप्प्यांच्या वेळा इतक्या कडक असत की, त्या पाळणे जवळजवळ अशक्य होई. त्यामुळे जिंकणे म्हणजे सर्वांत कमी गमावणे, असाच तेथे अर्थ होता.

पाऊस नसेल तर तांबडी धूळ इतकी उडे की, पुढच्या गाडीमागे वाट दिसेनाशी होई. पाऊस आला की निराळी परीक्षा. केनियाच्या सपाट भागांत जी चिकट काळी माती आहे, तिला तेथील लोक 'ब्लॅक कॉटन सॉइल', म्हणजे कापसाची काळी माती म्हणतात. हे नाव दख्खनच्या आपल्या काळ्या मातीवरूनच रूढ झालेले. विदर्भ-मराठवाड्यातील ज्या वाचकाने पहिल्या पावसात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतलेले पाहिले आहे, त्याला सफारीतील मोटारींची गत डोळ्यांपुढे आणणे कठीण जाऊ नये. १९६३ आणि १९६८ या दोन वर्षी तर केवळ सात-सात गाड्या अखेरपर्यंत पोहोचल्या. बाकीच्या वाटेत मोडल्या, रुतल्या किंवा नदीच्या लोंढ्यात अडकल्या.

युरोपातील नामवंत चालक वेगाच्या जोरावर येत आणि बहुधा हात हलवीत परत जात. १९७२ साली फिनलंडचे हानू मिकोला यांनी ती जिंकली, तोपर्यंत परदेशातून येऊन कोणालाही ते साधले नव्हते. स्वाहिलीत एक म्हण आहे : हराका हराका हाइना बराका. घाईत बरकत नसते, असा तिचा अर्थ. 'बराका' म्हणजे आपल्या दुकानातली 'बरकत'च. जी शर्यत वेगाची समजली जाते, तिचा खरा नियम त्या भूमीतील साध्या माणसाने आधीच सांगून ठेवला होता.

समान बेरीज, भिन्न वह्या

१९७३ हे जागतिक रॅली अजिंक्यपद मालिकेचे पहिलेच वर्ष आणि सफारी ही त्या मालिकेतील एक फेरी होती. शेखर मेहता यांच्यासोबत सहचालक म्हणून लॉफ्टी ड्र्यूज बसले होते. प्रतिस्पर्धी केलस्ट्रॉम हे सामान्य चालक नव्हते. ब्रिटनची प्रतिष्ठित आर. ए. सी. रॅली त्यांनी १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोनदा जिंकली होती. अशा कसलेल्या स्पर्धकाशी बरोबरी होणे हाच एक गौरव होता. त्यापुढील निर्णय निष्कलंक अंतराने दिला.

हा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. तो शेवटच्या टप्प्यातील आवेशाला महत्त्व देत नाही. अखेरीस जोर लावून दोघांनीही आपली बेरीज सारखी केली असली, तरी आरंभीच्या टप्प्यांत, जेव्हा सर्व काही सुरळीत असते, प्रेक्षक फारसे लक्ष देत नाहीत आणि एखादे मिनिट गेले तर काय बिघडले असे मनाला वाटते, तेव्हा कोण सावध होता, हे तो विचारतो. भगवान महावीरांनी गौतमस्वामींना वारंवार जो उपदेश केला, तो क्षणभरही प्रमाद न करण्याचा. प्रमाद संकटात सहसा होत नाही. तो सुखाच्या सपाट वाटेवर होतो. व्यापारातही पहिला खोटा आकडा, पहिले कमी भरलेले माप, पहिले टाळलेले देणे हे बहुधा अडचणीच्या दिवसात नव्हे, तर बरे चाललेले असताना, 'एवढ्याने काय होते' या विचाराने शिरते. आणि मग कधीतरी दोन पेढ्या समान तोलाच्या ठरतात, तेव्हा गिऱ्हाईक नेमके तेच जुने पान उलटून पाहते.

या निकालामुळे शेखर मेहता जागतिक रॅली मालिकेतील फेरी जिंकणारे भारतीय वंशाचे पहिले चालक ठरले. त्यांच्या आधी १९६५ साली, ही मालिका सुरू होण्यापूर्वी, सफारी जिंकण्याचा मान केनियातील जोगिंदर सिंग यांनी मिळविला होता. आपले बंधू जसवंत यांच्यासह एका जुन्या, आधी वापरलेल्या व्होल्वो गाडीतून त्यांनी तो पराक्रम केला. पंजाबातून गेलेल्या, मोटारदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाचा हा सुपुत्र पुढे १९७४ व १९७६ मध्येही विजयी झाला. एका कारागिराच्या घरातला आणि दुसरा धनिकाच्या घरातला. परंतु गौरवर्णीयांची मक्तेदारी समजल्या जाणाऱ्या या क्षेत्रात दोघांनी मिळून भारतीय नावाला आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत आदर मिळवून दिला.

प्रतीक्षेची वर्षे आणि सलग चार विजय

पहिल्या यशानंतर दुसरे यश लवकर आले नाही. १९७४ ते १९७८ या पाच वर्षांत सफारी इतरांनी जिंकली. जोगिंदर सिंग दोनदा, स्वीडनचे ओव्ह अँडरसन व ब्योर्न वाल्डेगार्ड आणि फ्रान्सचे जाँ-पिएर निकोला हे त्या वर्षांचे विजेते. यशाची चव चाखलेल्या माणसाला अशी पाच वर्षे जड जातात. मन कडवट होते किंवा साहस अविचारी होते. मेहता मात्र आपल्या वाटेवर राहिले.

१९७९ मध्ये त्या धैर्याला फळ आले. त्या वर्षी जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने पाच लिटर क्षमतेच्या मोठ्या, बलाढ्य गाड्या सफारीत उतरविल्या होत्या. मेहतांची डॅटसन १६०-जे ही त्यापुढे अगदी साधी, कुटुंबासाठी बनविलेल्या गाडीवरून तयार केलेली. शेजारी सहचालक माइक डाउटी. १९७१ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या वेळीही तेच सोबत होते. शर्यत संपली तेव्हा मेहता पहिले आणि मर्सिडीजमधील मिकोला दुसरे होते. १९८० मध्ये पुन्हा मेहता-डाउटी. १९८१ मध्ये पुन्हा तेच. या दोन्ही वर्षी दुसरे आलेले फिनलंडचे रॉनो आल्टोनेन हे युरोपचे माजी विजेते आणि या विद्येतील आचार्य मानले जाणारे चालक होते. १९८२ मध्ये दुसऱ्या स्थानावर जर्मनीचे वॉल्टर रोर्ल होते, जे त्याच वर्षाच्या अखेरीस जगज्जेते ठरले. पहिल्या स्थानावर चौथ्यांदा सलग, आणि एकूण पाचव्यांदा, शेखर मेहता.

सफारीच्या इतिहासात सलग चार विजय हा एक अपूर्व विक्रम होय. एकूण पाच विजयांची बरोबरी पुढे केनियाच्याच कार्ल टुंडो यांनी केली. परंतु तोवर ही शर्यत जागतिक मालिकेबाहेर गेलेली होती. मेहतांचे पाचही विजय त्या मालिकेत नोंदले गेले आहेत. १९८१ साली तर जागतिक चालकांच्या क्रमवारीत त्यांनी पाचवे स्थान मिळविले.

या यशात एकट्याचे काही नव्हते, हेही सांगावयास हवे. रॅलीत चालकाच्या शेजारी बसणारा सहचालक म्हणजे पेढीवरील विश्वासू मुनीमच. वळण किती तीव्र, पुढे ओढा आहे की चढ, नाक्यावर किती मिनिटे उरली, हे सारे तो वाचून सांगतो. चालकाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून, जे अजून दिसलेलेच नाही त्या वळणावर गाडी सोडावयाची असते. १९७९ ते १९८२ हे चारही विजय मेहता आणि डाउटी या एकाच जोडीने मिळविले. भागीदार टिकविणे ही धंद्यातील सर्वांत अवघड कला, असे जुने लोक म्हणत. सफारीचा इतिहास त्याला दुजोरा देतो. मेहतांच्या पत्नी यव्हॉन याही कुशल सहचालक होत्या आणि अनेक आंतरराष्ट्रीय रॅलींत त्यांनी पतीच्या शेजारी बसून ही जबाबदारी सांभाळली. संसारातील जोडीदाराने अशा प्राणसंकटाच्या मार्गावर शब्द द्यावा आणि दुसऱ्याने तो निःशंक मानावा, यातील विश्वासाची कल्पना कोणत्याही कुटुंबवत्सल वाचकास येईल.

टाळ्या आणि लूट

१९८२ या वर्षाची आणखी एक बाजू आहे. तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. ईस्टरच्या दिवसांत ज्या नैरोबीने पाचव्या विजयाचे स्वागत पाहिले, त्याच नैरोबीत १ ऑगस्ट रोजी हवाई दलातील सैनिकांनी उठाव केला. उठाव काही तासांत मोडला गेला. परंतु त्या गोंधळात भारतीयांची असंख्य दुकाने फोडली गेली, घरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. ज्या समाजातील एका माणसासाठी चार महिन्यांपूर्वी टाळ्या वाजल्या, त्याच समाजाच्या कपाटांची कुलुपे आता तुटत होती. दहा वर्षांपूर्वीचा युगांडा अनेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. कित्येक कुटुंबांनी त्यानंतर लंडन, लेस्टर किंवा टोरांटोची वाट धरली.

लोकप्रियता ही सुरक्षितता नव्हे, हा या प्रसंगाचा कठोर धडा. एक नामवंत खेळाडू समाजाचे कवच होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे समाजाने मिळविलेले धनही त्याचे कवच होऊ शकत नाही. किंबहुना भोवतालची माणसे दुरावलेली असतील तर तेच धन संकटाला आमंत्रण देते. पूर्व आफ्रिकेतील जे समाज पुन्हा पाय रोवून उभे राहिले, त्यांनी शाळा, रुग्णालये, अन्नदान, नेत्रशिबिरे यांची दारे स्थानिक जनतेसाठी अधिक उघडली, ही गोष्ट लक्षणीय आहे. दान हे पुण्यकर्म तर आहेच, परंतु ज्या भूमीत राहावयाचे त्या भूमीशी जोडलेले ते नातेही आहे.

त्या ऑगस्टनंतरही शेखर मेहता केनियाच्या नावाने सफारीत उतरत राहिले. एकदा मातृभूमीने हाकलून दिलेल्या माणसाने दुसऱ्या भूमीशी असलेले इमान सहजासहजी सोडले नाही.

अपघात आणि नंतर

मोटारींच्या या खेळात धोका कायम सोबतीला असतो. १९८७ च्या आरंभी ते फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या पथकातून सहारा ओलांडणाऱ्या पॅरिस-डाकार या महाशर्यतीत उतरले होते. त्याच वर्षी इजिप्तच्या वाळवंटातील फॅरोज रॅलीत त्यांना भीषण अपघात झाला. प्राण वाचले, पण अव्वल दर्जाच्या स्पर्धेतील त्यांची कारकीर्द तेथे थांबली. वय त्यावेळी बेचाळीसच्या आसपास.

आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांची भरलेली वही एका क्षणात मिटली गेली. पहिल्या वेळी हुकूमशहाच्या फर्मानाने, दुसऱ्या वेळी वाळूच्या एका उंचवट्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या निमित्तानेही माणसाचे सर्वस्व पालटते, हे दाखविणाऱ्या अपघाताने. या वेळीही ते रडत बसले नाहीत. स्वतः गाडी चालविता येत नसेल तर जे चालवितात त्यांच्यासाठी काम करावे, या वाटेने ते आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या कार्यात शिरले आणि पुढे त्याच्या रॅली आयोगाचे अध्यक्ष झाले. शर्यतींचे नियम, वाहनांच्या मर्यादा, मार्गांची निवड, चालक व प्रेक्षकांची सुरक्षितता या प्रश्नांचा विचार करणारा हा आयोग. १९८६ साली पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि त्याच वर्षी कोर्सिकात एक तरुण चालक व त्याचा सहचालक जळून गेले. त्यानंतर अतिवेगवान वाहनांवर बंदी घालावी लागली होती. अशा पार्श्वभूमीवर, ज्याने स्वतःच्या शरीरावर या खेळाची किंमत मोजली आहे असा माणूस नियम करणाऱ्यांच्या आसनावर असणे यास अर्थ होता. दि. १२ एप्रिल २००६ रोजी लंडन येथे वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

काय घ्यावे, काय सोडावे

श्रावकाच्या दृष्टीने येथे एक शंका निघणे योग्यच आहे. ईर्यासमितीचा, म्हणजे वाटेतील जीवांना जपून पाऊल टाकण्याचा संस्कार ज्या धर्मात आहे, त्या धर्माच्या अनुयायांनी रानावनातून धूळ उडवीत जाणाऱ्या मोटारींचे कौतुक कसे करावे? निरर्थक हिंसा टाळण्यासाठी सांगितलेल्या अनर्थदंड विरमण व्रताशी हा खेळ कसा जुळतो? या शंकेला वळसा घालणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खेळ म्हणून त्याचा पुरस्कार करण्याचे कारण नाही आणि घरातील तरुणांनी रस्त्यावर वेगाचे वेड जोपासावे असा तर यातून अर्थ मुळीच निघत नाही. खरे पाहता, सफारीने वेगाच्या वेड्यांना नेहमीच वाटेत सोडून दिले. जो धीमा, सावध आणि मार्गाचा अभ्यास केलेला, त्यालाच तिने परत आणले.

परंतु गुणग्रहण हाही जैन परंपरेचा संस्कार आहे. गुण जेथे दिसेल तेथून उचलावा, पात्र पाहून दूर सारू नये. शेखर मेहता यांच्या जीवनातून घेण्याजोगा गुण म्हणजे समता. संपत्तीत जन्मले, ती गेली. उठून उभे राहिले, जिंकले. पाच वर्षे विजयाने पाठ फिरविली, थांबले. चार वर्षे सलग जिंकले. मग अपघाताने सारे हिरावले, तरी दुसरे काम हाती घेतले. लाभ आणि हानी या दोन्ही टप्प्यांतून जाताना त्यांनी वाट सोडली नाही. परिग्रहाचे अनित्यत्व व्याख्यानात ऐकणे सोपे असते. नव्वद दिवसांच्या फर्मानात ते अनुभवणे कठीण. ज्यांनी ते अनुभवले त्या पिढीकडे आज व्यापारी घराण्यांनी आदराने पाहावे. आजही अनेक कुटुंबांत आजी-आजोबांपैकी कोणीतरी कंपाला, जिंजा, मोंबासा किंवा किसुमूच्या आठवणी मनात जपून असेल. त्या आठवणी विचारून लिहून ठेवाव्यात. कारण त्या वह्यांची दुसरी प्रत कोठेही नाही.

सफारी रॅली २००२ नंतर जागतिक मालिकेतून बाहेर पडली होती. २०२१ साली ती पुन्हा त्या मालिकेत परतली. मार्ग बदलले, गाड्या बदलल्या, नियम बदलले. मात्र तिचा इतिहास सांगताना पाच विजयांचे ते नाव येतेच, आणि त्या पाचांतील पहिला विजय कसा ठरला, ही गोष्टही येते.

दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर 'शुभ-लाभ' लिहिले जाते. त्या क्षणी पानावर एकही डाग नसतो. तो कधी ना कधी पडतो, कारण मनुष्याचा व्यवहार संपूर्ण निर्दोष राहणे दुर्लभ. परंतु तो किती उशिरा पडावा, हे पुष्कळ अंशी लिहिणाऱ्याच्या हाती असते. नैरोबीतील त्या ईस्टरला दोन समान बेरजांतून विजेता निवडताना नेमके तेच पाहिले गेले होते.